मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात होणारा गंभीर जंतुसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशननंतर डोळा लाल आहे आणि टोचतोय. संसर्ग झाला असे समजायचे का?

नुसत्या लालीवरून नाही. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपणे, थोडे पाणी येणे, उजेड सहन न होणे, पांढऱ्या भागावर लालसर डाग दिसणे हे चालते. बघायचे ते एवढेच की त्रास रोज कमी होतोय की वाढतोय. आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा गेला पाहिजे.

नजरेचा अंदाज घ्यायची साधी पद्धत: रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात बसावे, दुसरा डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले तेच अक्षर वाचून बघावे. काल वाचता आलेली तारीख आज धुरकट दिसत असेल तर उद्याची वाट बघू नये. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितले तर चांगला डोळा भरपाई करतो आणि बिघाड लक्षातच येत नाही. बरेच रुग्ण उशिरा येतात त्याचे एक कारण हेच.

कोणती लक्षणे दिसली की त्याच दिवशी जायचे?

सुधारत आलेली नजर पुन्हा खालावणे हे सर्वांत महत्त्वाचे. त्याखेरीज वाढत जाणारा ठणका, वाढती लाली, पापणी सुजणे, डोळ्यातून घट्ट चिकट स्राव येणे, अचानक काळे ठिपके किंवा जाळे तरंगताना दिसणे. कधी आरशात बघितल्यावर काळ्या बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरट थर साचलेला दिसतो. त्याला हायपोपियॉन म्हणतात. तो पूच असतो, बसून राहिल्यावर खाली जमतो. हा थर दिसला तर थेट डोळ्यांचे रुग्णालय गाठावे.

यातले एकच लक्षण असले तरी पुरेसे आहे. सगळी जमायची वाट बघत बसू नये.

अंधुक दिसतंय, पण दुखत नाही. मग थांबले तर चालेल का?

नाही. हा गैरसमज फार महाग पडतो. या आजारावरच्या सर्वांत जास्त आधार घेतल्या जाणाऱ्या अभ्यासात, म्हणजे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टमी स्टडी’त, ४२० रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्णांची नजर अंधुक झाली होती आणि सुमारे ८२ टक्क्यांचा डोळा लाल होता, पण दुखत होते ते साधारण ७४ टक्क्यांनाच. म्हणजे चारातल्या एकाला दुखणे नव्हतेच. पापणीची सूज तर तीनातल्या एकालाच होती.

मधुमेह असलेल्या किंवा आधीच वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या माणसाला दुखणे आणखी कमी जाणवू शकते.

हा आजार नेमका आहे काय? डोळे येतात तसाच का?

नाही, दोन्हींची जात वेगळी. डोळे येतात तेव्हा जंतू डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणात असतात आणि अश्रूंबरोबर धुतले जातात. इथे जंतू डोळ्याच्या गोलाच्या आत पोहोचलेले असतात. डोळ्याच्या पडद्यासमोर (रेटिनासमोर) व्हिट्रियस नावाचा जेलीसारखा भाग असतो, जेमतेम ४ मिलिलिटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे वेळेवर पोहोचत नाहीत आणि जंतूंना वाढायला मोकळे रान मिळते. याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात.

जंतूंची विषे आणि शरीराचा स्वतःचा दाह, दोन्ही मिळून डोळ्याचा पडदा जाळतात. पडद्याच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून इथे हिशोब तासांचा करावा लागतो.

तो घरच्यांना लागू शकतो का?

नाही. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा, तो त्याच्या भल्यासाठी.

एवढी स्वच्छता पाळूनही जंतू येतात कुठून?

बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापणीच्या कडेवरून आणि डोळ्याच्या आवरणावरून. तिथे निरुपद्रवी जंतूंची वस्ती कायम असते. कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा त्यांतला नेहमीचा. वर सांगितलेल्या अभ्यासात ज्यांच्या नमुन्यात जंतू वाढले, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांत हाच सापडला. त्वचेवर तो गुपचूप राहतो, डोळ्याच्या आत गेला की उपद्रव करतो.

आत जायच्या वाटा दोन. एक म्हणजे ऑपरेशन चालू असताना उपकरण, लेन्स किंवा द्रवाबरोबर. दुसरी म्हणजे नंतर, जखमेतून. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढतात त्या ऑपरेशनात, छेद साधारण २ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि सहसा टाका घालत नाहीत, तो आपोआप मिटतो. पण पहिल्या एक-दोन दिवसांत डोळ्याचा दाब खाली गेला किंवा कोणी डोळा चोळला तर छेदाच्या कडा क्षणभर उघडतात आणि बाहेरचे अश्रू आत ओढले जातात. जखम पाझरते का हे डॉक्टर फ्लुरेसिन नावाचा केशरी रंग लावून निळ्या प्रकाशात बघतात. पाझर असेल तिथे तो रंग पातळ होऊन हिरवट ओघळ दिसतो. असा पाझर सापडला तर टाका घालून घेण्यात कमीपणा नाही.

लेन्सच्या मागची पातळ पिशवी ऑपरेशनमध्ये फाटली असेल तर जोखीम काही पटींनी वाढते, कारण पुढच्या भागातले जंतू सरळ व्हिट्रियसमध्ये जातात. डिस्चार्ज कार्डवर तशी नोंद असेल तर त्या रुग्णाने पहिले दोन आठवडे जास्तच सावध राहावे.

हे किती जणांना होते?

क्वचित. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे दहा हजार शस्त्रक्रियांमागे साधारण २ ते २० असे येतात. त्यामुळे भीतीपोटी ऑपरेशन टाळण्यात अर्थ नाही. पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन उलट अवघड होते आणि पिशवी फाटण्याची शक्यता वाढते.

ऑपरेशननंतर किती दिवसांपर्यंत धोका असतो?

बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात, आणि तीव्र प्रकार साधारण सहा आठवड्यांच्या आत. सुडोमोनास किंवा स्ट्रेप्टोकोकससारखे आक्रमक जंतू असले तर एक-दोन दिवसांतच डोळा पूर्ण बिघडतो.

एक संथ प्रकारही आहे, आणि तो हमखास चकवतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, त्वचेवर राहणारा जंतू लेन्सच्या पिशवीत दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोके वर काढतो. डोळा थोडासा लाल, नजर थोडीशी धूसर. स्टिरॉइडचे थेंब घातले की बरे वाटते, थेंब कमी केले की पुन्हा तेच. असे दोन-तीनदा झाले तर ‘साधी सूज’ म्हणून सोडून देऊ नये. पिशवीवर पांढरट चकती दिसते का ते तपासून घ्यावे. बुरशीचा संसर्गही असाच रेंगाळत येतो, आणि त्यात स्टिरॉइड आगीत तेल ओतते.

दुसऱ्याच दिवशी डोळा पार धूसर झाला, पण डॉक्टर म्हणतात संसर्ग नाही. असे असते का?

असते. उपकरणांवर राहिलेला साबणाचा अंश, चुकीच्या तीव्रतेचे औषध, जंतू मेल्यावरही उरलेली त्यांची विषे अशा गोष्टींनी डोळ्याच्या पुढच्या भागात जंतूंविना दाह होतो. तो १२ ते ४८ तासांत दिसतो, दुखणे कमी असते, कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुजते आणि मागचा व्हिट्रियस मात्र स्वच्छ असतो. त्यावर दर तासाला स्टिरॉइडचे थेंब देतात आणि काही तासांनी पुन्हा तपासतात.

हे निदान तपासणीच्या यंत्रासमोरच होते, फोनवर नाही. आणि शंका उरली तर संसर्ग धरूनच उपचार करणे शहाणपणाचे.

रुग्णालयात गेल्यावर काय करतात?

नजर मोजतात, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळा तपासतात आणि आतले दिसत नसेल तर मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करतात. तिच्यात व्हिट्रियसमधला गढूळपणा कळतो आणि पडदा सुटला आहे का हेही दिसते.

मग नमुना घेतात. डोळा बधिर करून, पोव्हिडोन-आयोडिन हे जंतुनाशक घालून, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेपासून साधारण ३.५ मिलिमीटर मागे बारीक सुई घालतात आणि ०.१ ते ०.२ मिलिलिटर व्हिट्रियस ओढून घेतात. काही थेंबच, पण तेवढ्यात काचपट्टीवरची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणे) दोन्ही होते. डोळ्यावरचा चिकट स्राव कापसाने पुसून पाठवला तर त्याचा उपयोग नाही, आतला जंतू बाहेर सापडेलच असे नसते. कल्चर किमान काही दिवस, आणि संथ प्रकाराची शंका असेल तर १४ दिवसांपर्यंत ठेवावे लागते. ते लॅबला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येऊन प्रकरण बंद होते.

इंजेक्शन थेट डोळ्यात का देतात? गोळ्या किंवा सलाईनमधून औषध देता येत नाही का?

रक्त आणि पडदा यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर आहे. बहुतेक प्रतिजैविके तो ओलांडून पुरेशा प्रमाणात आत जात नाहीत, आणि थेंब तर पुढच्या भागातच अडकतात. १९९५ च्या अभ्यासात शिरेतून प्रतिजैविके दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या अंतिम नजरेत फरक पडला नाही. त्यामुळे ‘दोन दिवस गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये.

सुई टोचायच्या कल्पनेनेच अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर केलेला असतो आणि काम एक-दोन मिनिटांचे असते. नमुना घेतल्यावर त्याच बैठकीत दोन औषधे देतात: व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये. जंतूंचे दोन मोठे गट असतात: पहिले औषध ग्राम-पॉझिटिव्ह गटासाठी, दुसरे ग्राम-निगेटिव्हसाठी. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाहीत. बुरशीची शंका असेल तर ॲम्फोटेरिसिन ५ मायक्रोग्रॅम किंवा व्होरिकोनाझोल देतात.

ही औषधे तयार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दोन्ही औषधे एका सिरिंजमध्ये घेऊ नयेत, एकत्र आली की साका बसतो. सिरिंज वेगळ्या, सुयाही वेगळ्या. आणि सौम्य करण्याचा हिशोब दोघांनी स्वतंत्रपणे करून पडताळावा. व्हँकोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या वायलमध्ये १० मिलिलिटर द्रव घातला की १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम होते. त्यातले १ मिलिलिटर घेऊन आणखी ४ मिलिलिटर घातले की १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकले तर औषधच पडद्याला विष ठरते.

इंजेक्शननंतर साधारण ४८ तासांनी सुधारणा दिसत नसेल किंवा डोळा बिघडत असेल तर पुन्हा इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा निर्णय होतो. पहिल्या २४ तासांत दाह थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो, त्याने घाबरून रुग्णालय बदलू नये.

व्हिट्रेक्टमी कधी करतात?

व्हिट्रेक्टमी म्हणजे पू झालेला व्हिट्रियस यंत्राने काढून टाकणे. जंतू, त्यांची विषे आणि पू यांचा मोठा भाग एकदम बाहेर जातो. अभ्यासातला निष्कर्ष असा: रुग्णाला डोळ्यासमोर हललेला हात कळत असेल तर नमुना आणि इंजेक्शन यांनीही तेवढाच फायदा होतो. फक्त उजेडच कळत असेल तर तातडीच्या व्हिट्रेक्टमीने फरक पडतो. त्या गटात ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येते ते ६ मीटरवरून वाचता येणे) किंवा त्याहून चांगली नजर व्हिट्रेक्टमी केलेल्या ३३ टक्क्यांना मिळाली, नुसत्या इंजेक्शनवाल्यांपैकी ११ टक्क्यांना.

तेव्हापासून यंत्रे बारीक आणि सुरक्षित झाली आहेत, त्यामुळे बरेच पडद्याचे सर्जन आता लवकर ऑपरेशनकडे वळतात. आमच्या मते डोळा झपाट्याने बिघडत असेल तर नजर अमुक पातळीवर यायची वाट बघत बसण्यात हशील नाही.

ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास करू नये. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगावे, नायट्रस ऑक्साइडनेही तेच होते.

बसवलेली लेन्स काढावी लागते का?

तीव्र प्रकारात सहसा नाही. पिशवीत दडलेला संथ जंतू किंवा बुरशी असेल तर पिशवीसकट काढावी लागू शकते.

नजर परत येते का?

जंतू कोणता आणि उपचार किती लवकर, यावर ते ठरते. १९९५ च्या अभ्यासात शेवटी सुमारे ५३ टक्के रुग्णांची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली झाली, आणि सुमारे ५ टक्क्यांना उजेडही कळेनासा झाला. नेहमीच्या स्टॅफिलोकोकसमध्ये आशा बरीच असते. स्ट्रेप्टोकोकस, एन्टरोकोकस, सुडोमोनास यांत निकाल बहुधा वाईट लागतो. सुधारणा हळू होते, अंतिम नजर समजायला काही महिने जातात आणि मध्येच पडदा सुटण्याचा धोकाही असतो. म्हणून डोळा शांत दिसू लागला तरी तपासण्या चुकवू नयेत.

ऑपरेशनआधी रुग्णाने काय सांगायचे, काय करून घ्यायचे?

डोळे आलेले असतील, रांजणवाडी असेल, पापण्यांच्या कडांना कोंडा आणि खपल्या असतील, सारखे पाणी गळत असेल तर ते लपवू नये. ठरलेली तारीख पुढे जाईल म्हणून गप्प बसणारे बरेच असतात. नाकाशेजारच्या कोपऱ्यात दाबल्यावर पू येत असेल तर अश्रुपिशवीचा इलाज आधी, मोतीबिंदू नंतर. मधुमेहाची साखर आटोक्यात हवी. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर तीही सांगावीत.

आधीच्या डोळ्याला संसर्ग झालेला असेल तर दुसऱ्या डोळ्याची घाई करू नये. कारण सापडून डोळा शांत झाल्यावरच तारीख घ्यावी.

ऑपरेशन थिएटरमध्ये कोणत्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो?

पोव्हिडोन-आयोडिन. पापण्यांच्या त्वचेला १० टक्के आणि डोळ्यात ५ टक्के, आणि ते किमान ३ मिनिटे राहू द्यायचे. घाईत ३० सेकंदांत धुऊन टाकले तर लावल्याचे समाधान तेवढे मिळते. डोळा बधिर करणारी जेल आधी घातली तर तिचा थर बसून आयोडिन आवरणापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आयोडिन आधी, जेल नंतर. पापण्यांचे केस कापायची गरज नाही, ते डोळ्याभोवतीच्या चिकट निर्जंतुक आच्छादनाखाली (ड्रेपखाली) पूर्ण दुमडले गेले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दिले जाणारे प्रतिजैविक. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात (२००७) सेफ्युरॉक्सिम १ मिलिग्रॅम दिल्याने संसर्ग सुमारे पाचपटीने कमी झाला. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयांच्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या २०१७ मधल्या विश्लेषणात मॉक्सिफ्लॉक्सॅसिनमुळे प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आले. औषध मात्र प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आणि डोळ्याच्या आत वापरण्याजोगेच हवे. प्रतिबंधासाठी व्हँकोमायसिन वापरणे टाळतात, कारण क्वचित त्यातून पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा गंभीर विकार होतो.

उपकरणे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र निर्जंतुक केलेली हवीत. ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात नुसते बुडवून घेतलेले उपकरण डोळ्याच्या आत जाता कामा नये. फेकोची नळी आणि हँडपीस वापरानंतर लगेच आतून धुतले नाहीत तर पोकळीत थर वाळून बसतो, आणि त्याखाली वाफ नीट पोहोचत नाही.

एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या दोघा-तिघांना संसर्ग झाला तर?

तर दोष रुग्णाच्या पापणीत नसून सर्वांना समान असलेल्या कशात तरी आहे असे धरावे: डोळा धुण्याचा द्रव, ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरलेली जेल, लेन्सची पिशवी दिसावी म्हणून वापरलेला निळा रंग, फेकोची नळी, ऑटोक्लेव्ह म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र. त्याच क्षणी थिएटर बंद करायचे, पुढची यादी रद्द करायची आणि त्या दिवशीच्या सर्व रुग्णांना फोन करून परत बोलवायचे, बरे वाटणाऱ्यांनाही. उरलेल्या बाटल्या, उघड्या आणि न उघडलेल्या, बॅच क्रमांकासह सील करून कल्चरला द्यायच्या. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आधी साफसफाई करून घेऊ’. फिनेल आणि धुरी झाली की पुरावाही धुतला जातो आणि कारण कायमचे निसटते.

थेंब घालताना काय चुकते?

हात साबणाने २० सेकंद धुवायचे. डोके मागे करून खालची पापणी खाली ओढायची आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचे तोंड पापणीला लागू द्यायचे नाही. नंतर डोळा मिटून, नाकाशेजारचा कोपरा हलकेच दाबून १ ते २ मिनिटे बसायचे. दोन औषधांमध्ये किमान ५ मिनिटे, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले असेल तर दोन बाटल्या. उघडल्याला महिना झाला की बाटली टाकून द्यायची.

प्रतिजैविकाचे थेंब वेळेआधी बंद करू नयेत. स्टिरॉइडचे थेंब टप्प्याटप्प्याने कमी होतात, ते मनाने वाढवूही नयेत. डोळा लाल झाला म्हणून घरातली जुनी बाटली शोधणे तर मुळीच नको: स्टिरॉइडने लाली दोन दिवस झाकली जाते, जंतू वाढतच राहतात.

डोके धुणे, पोहणे, डोळा चोळणे?

पहिला आठवडा डोळ्यात नळाचे पाणी जाऊ द्यायचे नाही. अंग धुतले तर चालते, केस दुसऱ्याने मागे झुकवून धुवावेत. पोहणे साधारण महिनाभर नको. झोपताना आठवडाभर कडक प्लास्टिकचे कवच लावावे, कारण झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो. डोळा पुसायचा तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने, मिटलेल्या पापणीवरून, नाकाकडून कानाकडे, आणि तो कापूस लगेच टाकायचा.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्रास सुरू झाला तर?

सोमवारची वाट बघू नये. डिस्चार्ज कार्डवरच्या नंबरवर फोन करून पहिल्याच वाक्यात सांगावे: ‘मोतीबिंदूचे ऑपरेशन अमुक तारखेला झाले, आज त्या डोळ्याने कालच्यापेक्षा कमी दिसतंय.’ नुसते ‘डोळा लाल आहे’ म्हटले तर पलीकडचा माणूस उद्याची वेळ देतो. कोणी उचलत नसेल तर पडद्याचे सर्जन जिथे आहेत अशा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, नुसत्या चष्म्याच्या तपासणीच्या ठिकाणी नाही.

बरोबर डिस्चार्ज कार्ड, लेन्सचे स्टिकर, चालू असलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या आणि रोजच्या गोळ्यांची यादी न्यावी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा. शेवटचे काय आणि कधी खाल्ले ते लक्षात ठेवावे, लगेच ऑपरेशन करायचे ठरले तर विचारतात. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये, कवच लावले तरी पुरे. आणि निघण्याआधी कोणतेही नवीन थेंब घालू नयेत.